द्राक्षाच्या शीतगृहातून आर-२२ काढताना: गॅस बदलाचे काम पायरीपायरीने

"भाऊ, आर-२२ महाग झालाय. चारशेचार टाकून देऊ, मशीन पळेल." जुन्या प्री-कूलिंग युनिटच्या, म्हणजे तोडलेला माल झटपट गार करणाऱ्या यंत्राच्या, मालकाला हा सल्ला हमखास मिळतो. आर-२२ म्हणजे जुन्या शीतयंत्रांत फिरणारा, ओझोनला मारक असलेला गॅस, आणि चारशेचार म्हणजे आर-४०४ए. मशीन पळतेही. पण या सल्ल्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. आर-४०४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो आर-२२ च्या दुपटीहून जास्त ताकदवान आहे. शिवाय आर-२२ साठी घडवलेल्या यंत्रात दुसरा गॅस नुसता भरला, तर ऑइल, सील, व्हॉल्व्ह आणि मोटर या सगळ्यांचा हिशोब पुढच्या दोन हंगामांत चुकवावा लागतो.

हा लेख द्राक्षाचे पॅकहाऊस आणि शीतगृह डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण नाशिक-सांगलीकडे अशी जुनी यंत्रे अजून चालू आहेत. दूध डेअरीचा चिलर किंवा एमआयडीसीतल्या कारखान्याचा प्रोसेस चिलर असला तरी क्रम तोच राहतो. आकडे तेवढे बदलतात.

आता का

ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारानुसार भारतासारख्या विकसनशील देशांनी आर-२२ च्या गटातल्या वायूंचा वापर २०२५ पासून मूळ पातळीच्या ६७.५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. २०३० ला तो जवळपास संपतो आणि २०४० पर्यंत जुनी यंत्रे सांभाळण्यापुरता फक्त २.५ टक्के उरतो. देशात नवीन उपकरणे बनवताना हे वायू वापरणे आधीच बंद झाले आहे. म्हणजे तुमच्या यंत्राला लागणारा गॅस वर्षागणिक दुर्मिळ होणार.

दुसरी बाजू याच कराराच्या किगाली दुरुस्तीची. ती ऑक्टोबर २०१६ मध्ये ठरली आणि भारताने २०२१ मध्ये मान्य केली. तिच्याप्रमाणे आर-४०४ए, आर-१३४ए, आर-४१०ए यांसारख्या एचएफसी (ओझोनला न लागणाऱ्या, पण पृथ्वी तापवणाऱ्या) वायूंवर भारतात २०२८ पासून मर्यादा येईल. २०३२ मध्ये पहिली १० टक्के कपात आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के. आज आर-४०४ए वर गेलेला माणूस दहा-पंधरा वर्षांत पुन्हा याच वळणावर येणार. त्यामुळे खर्च एकदाच करायचा की दोनदा, हा प्रश्न गॅसचे नाव ठरवण्याआधीच सोडवायला हवा.

वेळापत्रक बागेच्या छाटणीशी जुळवा

जानेवारी ते एप्रिल यंत्राला हात लावायचा नाही, हे सांगायला नको. उरलेल्या काळात बरेच जण पावसाळ्यात यंत्र खोलतात, कारण तेव्हा काम कमी असते. माझ्या मते ही सर्वांत वाईट वेळ आहे. नव्या वायूंना जे पीओई (पॉलिओल एस्टर, कृत्रिम) ऑइल लागते ते हवेतला ओलावा झपाट्याने शोषते, आणि जुलैच्या हवेत उघड्या पाइपात शिरलेले पाणी पुढे आम्ल बनून मोटरचे वाइंडिंग खाते.

त्यापेक्षा खरड छाटणीच्या सुमारास, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, यंत्र चालू असतानाच तपासणी आणि गळतीशोध उरका. पावसाळ्यात गॅस, ऑइल, व्हॉल्व्ह, गॅस्केट मागवा. प्रत्यक्ष बदल गोड्या छाटणीच्या वेळी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर करा. डिसेंबरमध्ये पूर्ण भार देऊन चाचणी घेता येते आणि चूक निघालीच तर दुरुस्तीला पंधरवडा हाताशी उरतो.

पहिली पायरी: यंत्राची कुंडली

यंत्रावरची पाटी, कॉम्प्रेसरचे मॉडेल, ऑइलचा प्रकार, भरलेला गॅस किती किलो, आणि गेल्या तीन वर्षांत वरून किती भरला हे सगळे लिहून काढा. शेवटचा आकडा बहुतेक ठिकाणी नसतो. मग गॅसच्या खरेदीची बिले काढा, ती खोटे बोलत नाहीत.

यानंतर आर-२२ वरच, खोली भरलेली असताना रीडिंग घ्या: सक्शन आणि डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गॅसचा) दाब, दोन्हीकडचे तापमान, सुपरहीट (उकळून झाल्यावर वाफ आणखी किती अंश तापली), सबकूलिंग (द्रव झाल्यावर गॅस आणखी किती अंश गार झाला), मोटरचा अँपिअर, बाहेरच्या हवेचे तापमान, आणि गरम माल शून्य ते दोन अंशांवर यायला लागणारे तास. विजेचे सब-मीटर नसेल तर बसवून घ्या. हे आकडे नसतील तर बदलानंतर "पहिल्यासारखे गार होत नाही" या तक्रारीला उत्तरच राहत नाही.

दुसरी पायरी: गळती आधी

समजा यंत्रात १०० किलो आर-२२ आहे. तो सगळा हवेत गेला तर १८१ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. तेवढाच आर-४०४ए असता तर ३९२ टन, आणि आर-४४९ए (तिसऱ्या पायरीत येणारा मिश्र गॅस) असता तर साधारण १४० टन. आता दरवर्षी वीस किलो गळणाऱ्या यंत्रात कमी घातक गॅस घालून नुकसान थोडे घटेल, पण गळती थांबवली तर ते जवळजवळ संपेल. म्हणून मी गळतीला गॅसच्या निवडीच्या आधी ठेवतो.

शोधायचे कुठे? जिथे ऑइलचा ओला, धूळ चिकटलेला डाग दिसतो तिथे. फ्लेअर नट, श्रेडर व्हॉल्व्हच्या पिना, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या, कॉम्प्रेसरची शाफ्ट सील आणि पाइप भिंतीतून जातो तिथली घासलेली जागा. द्राक्षाच्या खोलीत एक जागा खास बघावी लागते, ती म्हणजे कॉइलचे यू-बेंड. पेटीत ठेवलेल्या पॅडमधून सल्फर डायऑक्साइड निघतो, तो ओलाव्याशी मिळून धातू खातो. बाहेरून चकचकीत दिसणारी कॉइल बेंडजवळ सुईच्या टोकाएवढी झिरपत असते.

साबणाचे पाणी आणि इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर दोन्ही वापरा. जुन्या मेकॅनिककडे हॅलाइड टॉर्च असतो. तो क्लोरीन ओळखतो, त्यामुळे आर-२२ वर चालतो, पण एचएफसी वायूंची गळती त्याला दिसतच नाही.

तिसरी पायरी: कोणता गॅस

इथे घाई करू नका. साधारण तीन रस्ते आहेत.

पहिला, आहे तेच यंत्र ठेवून ए-१ वर्गातल्या, म्हणजे न पेटणाऱ्या आणि विषारीपणा कमी असलेल्या मिश्रणावर जाणे. द्राक्षाच्या शून्य अंशाच्या खोलीसाठी आर-४४८ए आणि आर-४४९ए हे दोन योग्य पर्याय. दोघांचा तापमानवाढीचा आकडा (एक किलो गॅस किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो तो) १४०० च्या आत आहे, आर-२२ चा १८१० आहे. आर-४०७सी सहज मिळतो, पण त्याचा आकडा १७७४, म्हणजे ओझोन वाचला तरी हवामानाच्या बाजूने फारसा फरक पडला नाही. हा रस्ता कॉम्प्रेसर धडधाकट असेल आणि यंत्राचे आठ-दहा वर्षांचे आयुष्य उरले असेल तरच घ्या.

दुसरा रस्ता अमोनियाचा. ओझोनला शून्य, तापमानवाढीला शून्य, आणि ऊर्जेच्या बाबतीत फार चांगला. शून्य अंशाला एक किलो अमोनिया उकळताना साधारण १२६० किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, तर आर-२२ फक्त २०५ च्या आसपास. पण अमोनिया तांबे आणि पितळ खातो. त्यामुळे तांब्याच्या पाइपांच्या आर-२२ यंत्रात तो कधीच घालता येत नाही. हे नवे यंत्र आहे असे समजूनच बजेट मांडा. यंत्र पंधरा-वीस वर्षांचे झाले असेल, कॉइल गंजल्या असतील, तर मी मालकाला याच रस्त्याकडे ढकलेन.

तिसरा, प्रोपेन म्हणजे आर-२९०. तापमानवाढीचा आकडा जेमतेम ३. भारतात हा गॅस नवखा नाही. गोदरेजने २०१२ पासून शिरवळच्या कारखान्यात प्रोपेनवरचे घरगुती एसी बनवले. उद्योगासाठी तो बाहेर, मोकळ्या हवेत ठेवलेल्या आणि मुळातच प्रोपेनसाठी बांधलेल्या चिलरमध्ये शोभतो.

कार्बन डायऑक्साइडबद्दलही विचारले जाते. ३१ अंश आणि ७३.८ बारच्या वर तो द्रव होत नाही. नाशिकच्या एप्रिलमध्ये साधा कंडेन्सर त्याला पुरत नाही, यंत्र फार उंच दाबावर आणि जास्त विजेवर चालते. मासळी गोठवण्यासारख्या उणे तीस-चाळीसच्या कामात अमोनियाच्या जोडीने, खालच्या टप्प्यात तो उत्तम. द्राक्षासाठी मी त्यात पडणार नाही.

आणि दोन गोष्टी ठामपणे नकोत. आर-२२ च्या यंत्रात आर-४१०ए घालू नका, त्याचा दाब जवळजवळ दीडपट असतो. "आर-२२ ची थेट बदली" म्हणून विकले जाणारे हायड्रोकार्बन वायूही जुन्या यंत्रात घालू नका. प्रोपेन हवेत अवघे २.१ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. बंद खोलीतला डिफ्रॉस्ट हीटर आणि फॅनची मोटर या गॅससाठी बनवलेले नसतात. ठिणगी पडायला एवढे पुरेसे आहे.

गॅस ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच, सीलबंद सिलिंडरमध्ये घ्या. २०११ मध्ये आर-१३४ए च्या नावाने भेसळीचा गॅस भरलेल्या रीफर (शीत) कंटेनरांचे स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कामगारांचे जीव गेले. भेसळीतल्या मिथाइल क्लोराइडने ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया केली होती. आपली द्राक्षे ज्या कंटेनरांतून जातात त्याच जातीचे ते कंटेनर होते.

चौथी पायरी: ऑइल, आर-२२ आत असतानाच

पहिला रस्ता धरला तर खरे काम इथून सुरू होते. आर-२२ बरोबर सहसा मिनरल ऑइल असते. नव्या एचएफसी मिश्रणांत ते विरघळत नाही, कॉइलमध्ये अडकून बसते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. पीओई ऑइल मात्र आर-२२ सोबतही चालते. म्हणून गॅस बदलण्याआधीच ऑइल बदलून घ्या.

कॉम्प्रेसर, ऑइल सेपरेटर आणि खालच्या लूपांमधले जुने ऑइल काढा, मोजा, आणि तेवढेच पीओई भरा. कॉम्प्रेसर कंपनीने सांगितलेलीच जाडी घ्या. एक-दोन दिवस पूर्ण भारावर चालवा, मग पुन्हा काढा. रिफ्रॅक्टोमीटरने उरलेले मिनरल ऑइल तपासा. ते साधारण ५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत हे करायचे. बहुतेकदा दोन-तीन खेपा लागतात. पीओईचा डबा उघडला की लगेच वापरा, उरलेले पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. काढलेल्या ऑइलची आम्लचाचणीही करा. आम्ल निघाले तर मोटर आधीच आजारी आहे, तिचा इलाज झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाचवी पायरी: आर-२२ बाहेर काढणे

व्हॉल्व्ह उघडून गॅस हवेत सोडणे अजूनही सर्रास चालते, आणि त्याचा मला मनापासून राग आहे. रिकव्हरी मशीन, वजनकाटा आणि रिकव्हरीचा सिलिंडर, एवढ्यावर काम होते. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. उन्हात द्रव फुगतो आणि सिलिंडर फुटू शकतो. वेगवेगळे गॅस एकाच सिलिंडरमध्ये घालू नका. असे मिश्रण पुन्हा शुद्ध करणे जवळजवळ अशक्य होते, मग ते नष्टच करावे लागते. काढलेल्या गॅसचे वजन लिहा. पाटीवर ८० किलो असताना ५२ च निघाला, तर गळतीचा पुरावा तिथेच मिळाला.

गॅस आत असताना ब्रेझिंगची ज्योत जवळ नेऊ नका. ज्योतीत आर-२२ चे विघटन होऊन विषारी वायू बनतात. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. हा गॅस वासाने जाणवत नाही आणि खड्ड्यात, तळघरात साचून श्वास कोंडतो.

सहावी पायरी: सील, ड्रायर, व्हॉल्व्ह

आर-२२ आणि मिनरल ऑइलमध्ये जुने रबर वर्षानुवर्षे फुगून बसलेले असते. नवा गॅस आला की ते आकसते आणि कालपर्यंत घट्ट असलेली जागा गळू लागते. बदलानंतर पहिल्या महिन्यात गळती निघण्याचे हे नेहमीचे कारण. म्हणून ओ-रिंग, सोलेनॉइडच्या सील, श्रेडर पिना, लेव्हल ग्लासची गॅस्केट, बॉल व्हॉल्व्हच्या टोप्या सरसकट बदला. सुटा भाग स्वस्त असतो, भर हंगामात थांबलेली खोली परवडत नाही.

फिल्टर-ड्रायर नव्या गॅस आणि पीओईला चालणारा घ्या. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रव गॅस मोजून कॉइलमध्ये सोडणारा) नव्या गॅससाठी कंपनीच्या तक्त्यातून निवडा. काही वेळा जुना व्हॉल्व्ह नुसता फिरवून जमतो, पण तक्ता न बघता गृहीत धरू नका. हाय प्रेशर कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा. आर-४४९ए चा कंडेन्सरमधला दाब आर-२२ पेक्षा चढा असतो. कंडेन्सर आधीच कचऱ्याने भरलेला किंवा लहान असेल तर मे महिन्यात यंत्र ट्रिप होणार हे नक्की.

यंत्रात फ्लडेड इव्हॅपोरेटर (द्रव गॅसने भरलेली राहणारी गार बाजू) असेल तर थांबा. ही मिश्रणे तिथे वेगळी होतात आणि चालत नाहीत.

सातवी पायरी: नायट्रोजन आणि व्हॅक्यूम

दाबचाचणी कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, पाटीवरच्या मर्यादेच्या आत. ऑक्सिजन कधीच नाही. ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो. दाब रात्रभर ठेवा आणि तापमान टिपून ठेवा. २० बारवर हवा दहा अंशांनी गार झाली तर दाब आपोआप ०.७ बारच्या आसपास उतरतो, ती गळती नव्हे.

व्हॅक्यूम डिजिटल गेजवर ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचे बारीक माप) न्या, साध्या गेजवर "३० इंच आले" एवढ्यावर समाधान मानू नका. मग पंप बंद करून अर्धा तास बघा. आकडा थोडा चढून हजार-दीड हजारापाशी थांबला तर आत ओलावा आहे, अजून खेचा. न थांबता चढतच राहिला तर गळती आहे, शोधा. या पायरीला एक अख्खा दिवस द्या.

आठवी पायरी: भरणे आणि लावणे

आर-४४९ए सारखा गॅस अनेक वायूंचे मिश्रण असतो. वाफ म्हणून काढला तर हलका भाग आधी निघून जातो आणि यंत्रात भलतेच मिश्रण पडते. सिलिंडरमधून नेहमी द्रवच काढा. यंत्र चालू असताना भरायचा असेल तर सक्शनमध्ये हळूहळू, वाफ होऊ देत सोडा. सुरुवात आर-२२ च्या वजनाच्या ८५ ते ९० टक्क्यांनी करा. साइट ग्लासमधला बुडबुडा जाईपर्यंत भरत बसू नका, मिश्रणांत भरण योग्य असतानाही बुडबुडे दिसू शकतात. वजनकाट्यावर आणि सबकूलिंगवर भरवसा ठेवा.

आता सर्वांत जास्त चुका होतात ती जागा. हे मिश्रण एका तापमानाला उकळत नाही, उकळायला सुरुवात आणि शेवट यांत साधारण चार ते सहा अंशांचा फरक असतो. तक्त्यात एकाच दाबासमोर दोन तापमाने दिसतात. सुपरहीट काढताना ड्यू पॉइंट (उकळणे संपते ते तापमान), सबकूलिंग काढताना बबल पॉइंट (उकळणे सुरू होते ते तापमान). उलटे घेतले तर कॉम्प्रेसरमध्ये द्रव जाईल किंवा कॉइल अर्धी उपाशी राहील. कॉइलवर सुपरहीट पाच ते सात अंशांच्या आसपास ठेवा. डिस्चार्ज पाइपचे तापमान, कॉम्प्रेसरपासून वीतभर अंतरावर, १०५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

द्राक्षाला या फरकाचा थेट त्रास होतो. कॉइलच्या तोंडाशी तापमान जास्त खाली जाते, तिथे बर्फ जास्त धरतो आणि खोलीतली आर्द्रता ओढली जाते. मण्यांचे देठ सुकतात. ९० ते ९५ टक्के आर्द्रता टिकते का हे बघून सक्शन दाब किंचित वर ठेवा, डिफ्रॉस्टच्या वेळा पुन्हा बसवा.

अमोनियाचा रस्ता घेतला तर

अमोनिया थेट खोलीतल्या कॉइलपर्यंत नेऊ नका. किरकोळ गळतीनेही द्राक्ष काळवंडते आणि आत माणसे काम करत असतात. अमोनिया मशीन रूममध्येच ठेवा, प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये त्याने प्रोपिलीन ग्लायकॉल गार करू द्या आणि उणे चार-पाच अंशांचा ग्लायकॉल खोल्यांत फिरवा. पंपाची वीज वाढते आणि अमोनियाला थोडे अधिक खाली उकळावे लागते, हा तोटा आहे. बदल्यात अमोनियाचे वजन खूप कमी होते आणि माल सुरक्षित राहतो. खोलीतल्या जुन्या कॉइल बहुधा बदलाव्या लागतील, कारण त्यांचे सर्किट ग्लायकॉलच्या प्रवाहासाठी आखलेले नसते. कॉम्प्रेसरसाठी लांब जायला नको, पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक अमोनियाचे कॉम्प्रेसर बनवते.

मशीन रूमला बाहेर उघडणारी दारे, जोरदार एक्झॉस्ट, दाराबाहेर इमर्जन्सी स्विच, २५ पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) इशारा देणारा सेन्सर, डोळे धुण्याचा नळ आणि शॉवर, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, आणि श्वसनयंत्राचे किमान दोन संच. ३०० पीपीएमला अमोनिया जिवावर बेततो. हवेत पसरलेली वाफ पाण्याच्या फवाऱ्याने दाबता येते, पण सांडलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नका, तो उसळून आणखी वाफ सोडतो. प्रत्येक कामगाराला हे तोंडपाठ हवे, आणि सराव हंगामी मजूर आल्यावर पुन्हा घ्यायचा. आराखडा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नियमांत बसतो का, हे बांधकामाआधी तपासून घ्या.

बदलानंतर

यंत्रावर नवी पाटी लावा: गॅसचे नाव, किलो, ऑइलचा प्रकार, तारीख. जुनी आर-२२ ची पाटी काढून टाका, नाहीतर एखादा मेकॅनिक भर फेब्रुवारीत त्यात आर-२२ च भरून जाईल. ड्रायर पहिल्या आठवड्यानंतर एकदा बदला, पीओई जुन्या नळ्यांतला गाळ सोडवून आणते आणि तो तिथे अडकतो. गळतीची फेरी पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यात आणि त्यानंतर दर तिमाहीला. डिसेंबरच्या चाचणीत पहिल्या पायरीतले सगळे रीडिंग पुन्हा घेऊन शेजारी लिहा. खोली गार व्हायला वेळ वाढला असेल तर गॅस वाढवण्याआधी सुपरहीट आणि कंडेन्सरची सफाई बघा.

काढलेला आर-२२ स्वच्छ असेल आणि तुमच्याकडे आर-२२ वर चालणारे दुसरे यंत्र असेल, तर तो गाळून-सुकवून तिथे वापरता येतो. जळालेल्या कॉम्प्रेसरमधला किंवा मिसळलेला गॅस मात्र रिक्लेम (पुन्हा शुद्ध) करणाऱ्याकडेच द्या, आणि वजनाची पावती लॉगबुकात चिकटवून ठेवा.